साखरेच्या दालनातला ण

उद्घाटन अगदी तोंडावर आलं होतं, आणि साखरेच्या दालनाच्या भिंतीवरून कुणीतरी एक अक्षर खरवडून काढलं होतं. बाकी वाक्य जसंच्या तसं, मधला एक ण तेवढा गायब. पाटीबाई सकाळी हातात चहाचा कप घेऊन दालनात शिरली, त्या वाक्यापाशी थबकली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाक्य तिचंच होतं. 'उसाच्या मळ्यांत राबायला समुद्रापलीकडून माणसं आणली, आणि त्यांच्या घामावर जगाचा चहा गोड झाला.' आता या 'आणली'तला ण काढा आणि काय उरतं ते तुम्हीच वाचा. आली. माणसं आली. जशी काही हवापालट करायला आली, चार दिवस राहून जाऊ म्हणून आली. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर तेवढीही मेहनत कुणी घेतली नव्हती. अक्षर बदललंसुद्धा नाही, नुसतं काढून टाकलं.

आणि ते आपोआप पडलं म्हणायचीही सोय नव्हती. भिंतीवरचे शब्द काळ्या चिकटकागदातून कापून लावलेले होते. अख्खा शब्द एकाच शिरोरेषेला लोंबकळत असतो, त्यामुळे मधलंच अक्षर हवं तर दोन्ही बाजूंनी ब्लेड मारावं लागतं. म्हणजे कुणीतरी स्टुलावर चढून, जीभ दातांत धरून, सावकाश हा उद्योग केला होता. पाटीबाईनं त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. गोंद अजून बोटाला चिकटत होता.

पाटीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. जगभरातल्या अन्नाच्या इतिहासाचं ते संग्रहालय, जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या इमारतीत थाटलेलं, आणि तिथल्या प्रत्येक दालनातली प्रत्येक पाटी तिनं लिहिलेली, म्हणून पाटीबाई. मीठ कुठून कुठे गेलं, बटाटा डोंगरातून उतरून जगाच्या ताटात कसा पडला, टोमॅटोला एके काळी लोक विष समजून कसे घाबरायचे, हे सगळं तिनं आयुष्यभर शिकलेलं. आणि आयुष्यभर त्याबद्दल टोमणे खाल्लेले. विद्यापीठात असताना मैत्रिणी राजांच्या लढायांवर प्रबंध लिहीत होत्या आणि ही साखरेवर. काका म्हणाले होते, "बटाट्याला कसला आलाय इतिहास? सोलला, चिरला, संपला." नातेवाइकांत कुठे जेवायला गेली की यजमानीण वाडगा पुढे करून म्हणायची, "घे, चाखून सांग, तुझा विषय ना हा?" आणि हिला तर घरी दूधसुद्धा धड तापवता येत नसे, हटकून करपायचं. "अहो, लढाया जिंकणारे काय वारा खाऊन लढले?" असं ती पहिली काही वर्षं विचारायची. मग विचारायचं सोडून दिलं. घशाला कोरड किती पाडून घ्यायची माणसानं?

नवरा दातांचा डॉक्टर. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचा दवाखाना. तो म्हणायचा, "तू साखरेचा इतिहास लिही, मी भविष्य बघतो." माणूस गमत्या, पण बायकोच्या पाट्या घरी रोज वाचून द्यायचा, कुठे शब्द अडतोय का ते सांगायचा. साखरेच्या पाटीला मात्र तो म्हणाला होता, यातलं काही हलवू नकोस.

तर अशी ही बाई तो चहाचा कप तसाच हातात घेऊन संचालकांच्या खोलीत गेली.

संचालक म्हणजे साखरपेरणीत पटाईत गृहस्थ. त्यांच्या टेबलावर रंगीत गोळ्यांचं भांडं ठेवलेलं असे. साखरेच्या दालनाचा सगळा खर्च ज्यानं उचलला त्या गोळ्यांच्या कारखानदाराकडूनच ते आलेलं.

"बसा मॅडम. गोळी घ्या."

"माझं अक्षर कुणी काढलं, सर?"

"मी काढायला सांगितलं," ते अगदी सहज म्हणाले. "हे बघा, उद्घाटनाला साहेबांचं अख्खं कुटुंब येणार. आल्या आल्या त्यांनी काय वाचायचं? माणसं धरून आणली, घाम गाळला? तोंड कडू होईल हो."

"साहेब म्हणाले का काढा म्हणून?"

"त्यांनी कशाला म्हणायला पाहिजे? आपल्याला कळायला नको?"

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपल्याला ठाऊक आहे. पण इथे पोळी देणाऱ्यानं टाळीची अपेक्षाही केली नव्हती, तरी हे आपले आधीपासून टाळ्या पिटत बसलेले. पाटीबाईला राग आला तो याचाच. हुकूम असता तर निदान हुकमाशी भांडता आलं असतं.

"शिवाय 'आली' हे काही खोटं नाही," संचालक हसत म्हणाले. "आलीच ना ती माणसं? गेली तर नाहीत?"

"साखरेचं पोतं आपण होऊन येतं का, सर? ते आणतात. तशी ही माणसं आणली. जहाजाच्या तळाशी, साखळ्या घालून. वाटेत मेली ती समुद्रात फेकली. 'आली' म्हणजे त्यांनाही यायचं होतं असं होतं. एका अक्षरात तुम्ही सगळा गुन्हा पुसून टाकलात."

"अहो, एका अक्षरानं काय आभाळ कोसळतंय?"

तिथे तिचा तोल गेला. जे ती कधी कुठे बोलली नव्हती ते बोलून गेली. "माझी आई दुधाचे दात पडायच्या वयात एका मोठ्या घरात कामाला लावली गेली. शहर दाखवतो म्हणून मामानं नेली आणि तिथे सोडून आला. मोरीपर्यंत हात पोचायचा नाही, म्हणून पाटावर उभी राहून भांडी घासायची. आणि त्या घरची बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, लहानपणीच आली हो आमच्याकडे, अगदी घरच्यासारखी. आई दाराआड उभी राहून पुटपुटायची, आले नाही, मला आणलं. तेव्हा अक्षरानं काय होतं ते मला सांगू नका."

संचालकांनी मान हलवली. चेहरा दुःखी केला. मग म्हणाले, "अच्छा. म्हणजे हे वैयक्तिक आहे तर. मग मी बरोबरच केलं. इतिहासात आपला घरचा राग मिसळू नये, मॅडम."

यावर माणसानं काय बोलावं? कागद पुढे केले तर म्हणणार पुस्तकी, आणि पोटातलं काढून दाखवलं तर म्हणणार घरचं. पाटीबाई उठली. गार झालेल्या चहाचा कप तसाच उचलून खोलीबाहेर पडली.

घरी नवरा म्हणाला, "राजीनामा देणार आहेस?"

"अक्षर नाही लागलं तर देणार. माझ्या पाट्यांत एक खोटी असेल तर मला त्यातली कुठलीच माझी म्हणायची नाही."

त्यानं वाद घातला नाही. वाद घातला आईनं. आई त्यांच्याकडेच राहायची, दिवसभर काही ना काही निवडत, चिरत बसायची, आणि स्वयंपाकघरात लेकीला पाऊल ठेवू देत नसे. आपली गोष्ट लेकीनं संचालकांना सांगितली हे ऐकल्यावर तिनं हातातली शेंगांची परडी आपटली. "माझं कशाला काढलंस तिथे? मी काय तुझ्या भिंतीवर टांगायला आहे? तुझी भांडणं तुझ्या पुस्तकांवर भांड."

"आई, पण खरं तेच आहे ना?"

"खरं माझं आहे. वाटायचं की नाही ते मी ठरवणार."

तेव्हापासून आईनं तिच्याशी अबोला धरला. ताट वाढायची, पण बोलायची जावयाशी. पाटीबाईचं मेलं दोन्हीकडून मरण. बाहेर संचालक, घरात आई, आणि भिंतीवर ते तुटकं 'आ ली'. संचालकांनी पुढे माणूस बोलावून 'ली' सरकवून घेतला. आता नवख्या माणसाला इथे काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये इतकं बेमालूम झालं.

उद्घाटनाच्या दिवशी कारखानदार सहकुटुंब आले. फीत कापली, फोटो काढले. दालनं दाखवायचं काम पाटीबाईकडेच, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही येतच नव्हतं. संचालकांनी आधी बाजूला घेऊन बजावलं, "जे भिंतीवर आहे तेवढंच बोला." मीठ झालं, बटाटा झाला. साखरेच्या दालनात ती भिंतीपुढे उभी राहिली आणि तिनं वाक्य मोठ्यानं वाचलं. 'समुद्रापलीकडून माणसं आणली.'

कारखानदार नजरेचा पक्का होता. "बाई, इथे 'आली' लिहिलंय. तुम्ही 'आणली' म्हणालात."

"मी लिहिलं होतं ते मी वाचलं, साहेब. मधलं अक्षर काढून टाकलंय."

"का?"

आता सगळे संचालकांकडे बघायला लागले. ते खाकरले. "ते काय झालं साहेब, वाचताना आपल्याला जरा बरं वाटलं नसतं, म्हणून म्हटलं."

"मला?" कारखानदार हसला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "ते जहाजवाले मेले कधीच. माझ्या गोळ्या काय लोक भिंती वाचून घेतात? लावून टाका हो बाईंचं अक्षर. माझं काय जातंय?"

सगळं कुटुंब हसलं. संचालक त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. "अगदी, अगदी. मीही तेच म्हणत होतो." आणि मग घोळका चहाच्या दालनाकडे सरकला, कारण तिथे खरोखरीचा चहा ठेवलेला होता. जाता जाता संचालक तिच्या कानाशी म्हणाले, "लावू हं तुमचं अक्षर. ही धावपळ संपली की सवडीनं."

नवराही उद्घाटनाला आला होता, घोळक्याच्या मागे उभा होता. तो म्हणाला, "जिंकलीस की."

ती त्याच्यावर खेकसली. "कशाची जिंकले? ऐकलंस ना तो काय म्हणाला?"

काय चुकलं होतं तिचं? ज्याच्यासाठी ती नोकरी सोडायला निघाली, आईचा अबोला ओढवून घेतला, ते अक्षर त्या माणसानं असं दिलं जशी उरलेली सुटी नाणी कुणाच्या हातावर ठेवावीत. भांडला असता तर बरं. रागावला असता, माझी साखर आणि तिच्यावर डाग, असं म्हणाला असता, तर निदान वाक्य त्याला कुठेतरी टोचलं असं झालं असतं. लाखो माणसं जहाजांच्या तळाशी मेली आणि याचं काय जातंय? जात कसं नाही काही? पाटीबाई चहाला थांबली नाही. सरळ घरी आली.

आई स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसली होती. लेकीचा चेहरा बघून अबोला तिलाच जड झाला असावा.

"लागलं का तुझं अक्षर?"

"लावणार आहेत. सवडीनं."

"मग थोबाड का असं?"

पाटीबाईनं सगळं सांगितलं. कारखानदाराचं 'माझं काय जातंय'सुद्धा. आईचे हात थांबले.

"मला सोडलं तेव्हाही हेच," आई म्हणाली.

हे पाटीबाईनं कधी ऐकलं नव्हतं. आई तिथून पळून आली असं ती समजत होती.

"पळाले कुठली? हात भाजला होता माझा, कामाला येत नव्हता. बाहेरच्या खोलीत जाऊन म्हटलं, मी जाते. किती दिवस मनात घोळवलं होतं ते. बाई पाहुण्यांशी बोलत होत्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाल्या, जाऊ दे तिला, आपलं काय जातंय." आईनं एक शेंग उचलली आणि न मोडता तशीच ठेवली. "इतकी वर्षं राबले मी तिथे. वाटलं होतं, अडवतील. निदान शिव्या तरी देतील."

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं? दार उघडं होतं. परत बंद व्हायच्या आत बाहेर पडले. त्यांना काही वाटतंय का, हे बघत बसले असते तर अजून तिथेच भांडी घासत असते." तिनं परडी बाजूला सारली. "आणि तू काय त्यांच्या सवडीची वाट बघत बसणार आहेस? कागद तिथेच असेल ना, कापायचा?"

पाटीबाईनं डोळे पुसले. दिवस अजून मावळायचा होता, चौकीदार दालनं झाडून घेत असणार. ती उठली. "चल, तुला पण घेऊन जाते."

"घेऊनबिऊन जायला नको मला," आई चपला शोधत म्हणाली. "मी येते."

स्टूल आईनं धरलं. 'ली' पुन्हा मागे सरकवावा लागला. नवा ण जरा मोठा कापला गेला होता, शिरोरेषेला काही केल्या जुळेना. पाटीबाईनं तो अंगठ्यानं दाबून दाबून बसवला.