घाटनांदूरहून आलेलं म्यान

पिस्तूल ठेवायची जुनी चामडी म्यानं मी जमवतो आणि प्रत्येकाची नोंद वहीत ठेवतो. शिवण, बटण, चामडं, दोष, किंमत असे रकाने आखलेले असतात. परळीत घरोघरी केबल आली त्या सुमारास घाटनांदूरचा एक म्हातारा असंच एक म्यान जुन्या धोतरात गुंडाळून माझ्याकडे विकायला आला. त्याचे वडील निजामाच्या पोलिसांत जमादार होते. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

शिवण पक्की होती, पितळी बटण मूळचं होतं. झाकणावर मात्र पिवळे-लाल डाग होते. ते मी दोषाच्या रकान्यात लिहिले आणि तेलाचा बोळा उचलला. त्यानं माझं मनगट धरलं.

"काय करायलाव, साहेब?"

"डाग काढतो, बाबा. तुम्हालाच चार पैसे जास्त येतील."

"डाग न्हाईत ते. निजाम गेला, पिस्तूल सरकारात जमा झालं. तवापासून खंडेनवमीला माय या रिकाम्या म्यानालाच हळदकुंकू लावायची. तिची बोटं हायत ती."

"मग विकता कशाला?"

"लेकानं पुण्याला बोलावलंय. सून म्हनती, जुनं काईच आनू नका." तो कसंनुसं हसला. "कमी द्या, पर पुसू नका."

मी किंमत कमी केली नाही. जाताना त्यानं त्या डागांवर बोट टेकवलं आणि कपाळाला लावलं.

वहीत दोषाच्या रकान्यात डाग अजून आहेत. पुढे मी एवढंच वाढवलंय: पुसायचे नाहीत.