सहावी सरी

तात्या, म्हणजे माझे वडील, फौजेतून येऊन जमाना झाला. तरी सकाळी सहाच्या आत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि मोबाइलवर गेम उघडायचे. आमच्या साताऱ्याच्या गल्लीत सगळ्यांना त्याचं हसू यायचं. मलाही यायचं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जो राग येणार आहे तो सगळाच्या सगळा कंपनीवर ढकलता येत नाही.

गेम तसा पोरासोरांचा. एक बेट मिळतं. त्यावर गाव वसवायचं, गाजरं लावायची, मासे पकडायचे, दुसऱ्याच्या गावात जाऊन नाचायचं. खंडाळ्याला तात्यांच्या पलटणीतले सुभेदार राहतात. त्यांना तो कुठे सापडला कोण जाणे, पण त्यांनी तिथं गाव घेतलं आणि जुन्या सात जणांना बोलावून घेतलं. गाजरं कुणीच लावली नाहीत. नांगर फिरवून सात सऱ्या पाडल्या, कारण ती बाहुल्यासारखी माणसं एरवी एका रेषेत उभीच राहायची नाहीत. एकेकाला सरीत उभं केलं की रांग चोख. बागेतल्या दिव्याचा खांब हा झेंड्याचा खांब झाला. आनंदानं टोपी उडवायचं एक बटण होतं, त्याची यांनी सलामी केली. कंपनीनं नाचगाण्यासाठी दिलेलं सगळं सामान असं परेडीला लागलं.

सहा वाजता सुभेदार हुकूम सोडायचे, "सावधान!" मग गिनती. मोबाइलमधून आवाज यायचे, "एक", "दो", "तीन". पाच झाले की सहाव्या सरीतून आवाज यायचा नाही. तिथून एक निळा बाण आकाशात जाऊन फुटायचा. वाढदिवसाला उडवायचा बाण होता तो. तो फुटला की तात्या खणखणीत आवाजात म्हणायचे, "सात!"

सहाव्या सरीतले म्हणजे आटपाडीचे काका. मेंढरं राखणाऱ्या घरातून भरती झालेले. बराकीत त्यांची आणि तात्यांची खाट शेजारीशेजारी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. तात्यांनी व्हिडिओ कॉल लावला की ते डाव्या हातानं घोंगडं तोंडावर ओढून घ्यायचे. साथीदारांनी आपलं तोंड बघू नये एवढीच त्यांची इच्छा होती. पण डाव्या हाताचा अंगठा चालत होता. त्या अंगठ्यानं ते आपल्या बाहुल्याला चालवत सरीपर्यंत आणायचे, ताठ उभं करायचे आणि बाण उडवायचे. काकू फोनवर सांगायच्या, "भावजी, पाच वाजल्यापास्नं मोबाइल मागत्यात. त्येवढ्यासाठीच उठत्यात बगा."

मग ती चौकट यायला लागली. बराच वेळ न हलता उभं राहिलं की पडद्यावर विचारायचं, तुम्ही माणूस आहात ना, मग इथे बोट लावा. मी तात्यांच्या मागे पोळ्या लाटत होते. मला ती स्पष्ट दिसली.

"तात्या, ते बटण दाबा की."

"गप. सावधानात हलत न्हाईत."

"अहो, ते तुम्हाला विचारतंय."

"अंगावर माशी बसली तरी हलायचं न्हाई, तितं बटण काय घेऊन बसलीस? विश्राम होऊ दे, मग दाबतो."

विश्राम होईपर्यंत चौकट निघून जायची. आठही जणांच्या पडद्यावर ती रोज येत होती आणि आठही जण बोट न हलवता ती जाऊ देत होते. माणूस आहोत हे दाखवण्यासाठी हलायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मला कळत होतं. पण मला डबा भरायचा होता, आठची बस गाठायची होती. मी पुन्हा काही बोलले नाही.

आठवडाभरात सगळी आठ खाती बंद झाली. ही खाती यंत्राकडून चालवली जात असावीत, असा निरोप आला. आणखी एक वाक्य होतं, गेममधली साधनं ज्या हेतूनं दिली आहेत त्यासाठी वापरली जात नाहीत. मी सरकारी कचेरीत टपाल बघते. असली वाक्यं लिहिण्यात माझा जन्म गेला. ती कुणीच विचार करून लिहीत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली. तात्या बिचारे आपलं फौजेतून सुटल्याचं पुस्तक काढून बसले, त्याचा फोटो पाठव म्हणाले. तो पाठवायला जागाच नव्हती. कंपनीला फक्त चेहरा हवा होता. कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे, मान उजवीकडे, दोन्ही डोळे मिटा, उघडा.

सात जणांचं एका दिवसात झालं. राहिले काका. ज्यांना जगापासून नेमका चेहराच लपवायचा होता, ते.

आम्ही आटपाडीला गेलो. काका तयार होऊन बसले होते. काकूंनी त्यांची दाढी करून दिली होती, शर्टावर जुनी पदकं लावली होती. मी मोबाइल धरला. मान डावीकडे वळली, उजवीकडे वळेना. तेव्हा तात्यांनी मागून दोन्ही हातांत त्यांचं तोंड धरलं आणि हळूच फिरवलं. "जरा दम धर गड्या, झालंच." उजवी पापणी मिटत नव्हती, ती तात्यांनी अंगठ्यानं मिटवली. पडद्यावर लाल अक्षरं आली, चौकटीत फक्त तुमचाच चेहरा असावा. आम्ही चार वेळा केलं. पाचव्या वेळी काकांनी माझा हात बाजूला सारला आणि घोंगडं ओढून घेतलं. मला त्या क्षणी कंपनीचा नाही, माझ्या हातातल्या मोबाइलचाच संताप आला. तात्या खाटेच्या कडेला बसून राहिले.

काकूंच्या चेहऱ्यावर नवीन खातं उघडता आलं, माझ्या जुन्या मोबाइलवर. पण नवा माणूस दहाव्या पातळीवर पोचल्याशिवाय दुसऱ्याच्या गावात जाऊ शकत नाही, आणि त्यासाठी भरपूर मासे पकडावे लागतात. काकांच्या एका अंगठ्याला ते झेपणारं नव्हतं. म्हणून दहावी पातळी गाठून मोबाइल त्यांच्या हाती देईपर्यंत मी पकडत होते. कचेरीत डबा खाताना, बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. पन्नाशीची बाई मासे पकडतेय म्हणून सगळे हसायचे. आता कंपनीला मी अगदी आदर्श वाटत असणार.

इकडे बाकीच्यांची परेड पुन्हा सुरू झाली होती. पहिल्या दिवशी गिनती पाचावर आली आणि थांबली. सहावी सरी रिकामी होती. फौजेची गिनती हिंदीत, त्यामुळे नियमानं आता तात्यांनी सहा म्हणजे "छे" म्हणायला हवं होतं. ते थांबले. बाण वर जाऊन फुटायला जेवढा वेळ लागायचा तेवढेच थांबले आणि म्हणाले, "सात!" सुभेदार कडक माणूस, पण त्यांनी चूक काढली नाही. रोज तसंच चाललं. खोटी हजेरी कुणी लावली नाही, पण त्यांना गैरहजरही कुणी म्हटलं नाही. आता मात्र चौकट आली की तात्या सावधानात असतानाच बोट लावायचे. लावताना त्यांचा जबडा आवळलेला मला दिसायचा.

मी आठव्या पातळीवर होते तेव्हा काकूंचा फोन आला. काका पहाटे गेले होते. आम्ही माती देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून खुर्चीवर बसले. मी कणीक मळत होते. सुभेदारांचा हुकूम ऐकू आला, मग गिनती, एक, दो, तीन, चार, पाँच. मी हात थांबवून त्या नेहमीच्या थांबण्याची वाट बघत राहिले.

तात्या थांबले नाहीत. म्हणाले, "छे."