कोरड्या हातांच्या बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बाईंचा तो प्रयोग फसला नव्हता. मी तो फसवला.

माशांच्या खात्यात राहून जिचे हात कायम कोरडे, अशी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही. बाईंच्या खांद्यावर पदराच्या जोडीला एक पंचा असायचा. हौदातून हात काढला की पुसायच्या आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसायच्या. सत्तर सालानंतर कोयनेकडच्या आमच्या मत्स्यबीज केंद्रावर त्या अधिकारी म्हणून आल्या. मी तिथं जीपवर ड्रायव्हर होतो.

अडचण अशी होती, की कटला माशाचे चांगले नर आमच्याकडं आणि पिकलेल्या माद्या सांगलीकडच्या तळ्यावर. एवढा मोठा मासा जीपमधून नेला की वाटेतच मान टाकायचा. मग बाईंनी ठरवलं, नर न्यायचाच नाही. त्याचं दुधासारखं वीर्य कोरड्या नळीत काढायचं, बूच लावून बर्फाच्या थर्मासात ठेवायचं आणि तेवढंच न्यायचं. हौदावरचा म्हातारा दादू भोई म्हणायचा, “नवरा थर्मासात न् नवरी तळ्यावर, असलं लगीन आमी न्हवतं बघितलं, बाई.” बाई हसून म्हणायच्या, “मग अक्षता तुम्हीच टाका.” अक्षता म्हणजे कोंबडीचं पीस. अंडी आणि वीर्य त्यानं हलकेच ढवळायचं काम दादूचं.

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. काचेवर नुसते निपचित ठिपके. त्यांनी पाण्याचा थेंब सोडला मात्र, ठिपके वेड्यासारखे धावत सुटले. जरा वेळानं थांबले ते कायमचेच.

“पाण्यातच जगणारी जात,” बाई म्हणाल्या, “पण पाणी वेळेआधी लागलं की संपली. अंड्यापाशी पोचेस्तोवर कोरडं राहायचं, बस्स.”

सरावाच्या फेऱ्यांना थर्मास माझ्या हाती देण्याआधी त्या म्हणायच्या, “शिंदे, हात दाखवा.” मी शाळेतल्या पोरासारखे तळवे पुढं करायचो. त्या वाकून बघायच्या. तेवढ्यासाठी मी दिवसभर वाट बघत असे. याला काय म्हणतात ते मला तेव्हा कळत होतं. म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

वरचे साहेब येऊन बोलून गेले, की हे साधलं तर बाईंना मोठ्या केंद्रावर नेणार. म्हणजे ‘हात दाखवा’ म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

त्या दिवशी बाई दादूला घेऊन पुढं सांगलीला गेल्या होत्या, माद्यांनी अंडी सोडावीत म्हणून इंजेक्शन द्यायला. नळी हौदावरच्या माणसांनी भरून दिली, मी एकटाच थर्मास घेऊन निघालो. कराडला बर्फ बदलला. पुढं एका बाभळीखाली गाडी उभी केली, नळीचं बूच काढलं आणि वितळलेलं पाणी बोटांवरून आत निथळू दिलं. नळी हलवली, बूच लावलं. एक हंगाम आणखी राहतील, एवढाच माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी अंडी पांढरी पडलेली, म्हणजे फुकट गेलेली. दादू म्हणाला, “शिळं झालं आसंल.” बाईंनी मला विचारलं, “शिंदे, वाटेत काही झालं?”

“न्हाई, बाई.”

त्यांनी मान हलवली. “मग बर्फ कमी पडला. माझंच चुकलं.” त्या दिवशी त्यांनी माझे हात बघितले नाहीत.

हंगाम सरायच्या आत त्यांनी कचेरीतलं काम मागून घेतलं. कराडच्या स्टँडवर मीच सोडायला गेलो. एसटीत चढताना थर्मास माझ्या हातात दिला, म्हणाल्या, “आता चहाला वापरा.” त्यात चहा ओतणं मला कधी जमलं नाही. हात मात्र मी अजून दोनदा पुसतो. बायको म्हणते, तुमचं हे काय खूळ.

बाई कुठल्या गावी असतात ते मला ठाऊक आहे. इथून थेट एसटी आहे. मी त्यांचं एवढंच देणं लागतो, की समोर उभं राहून सांगायचं: बाई, बर्फ पुरला होता. पाणी मी घातलं.