एका दिवसातले दोन आकडे

अमडापूरच्या महामायाला आपले पाय डोळ्यांनी दिसले तरच आहेत असं वाटे. तीन वर्षांपूर्वी तळव्यांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. शिलाई मशीन ती खाली पाहत पायांनी चालवायची. मेंदूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण झिजतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही ती रडली नाही. ऐकलं आणि उठली.

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात हे आवरण एमआरआयनं मोजण्याचा अभ्यास चालला होता. तिनं नाव दिलं. गेल्या वर्षी तिच्या आवरणाचा आकडा दहा होता. यंदा सकाळच्या तपासणीत अकरा आला. नवरा देवानंद हरखला. त्यानं लगेच गावी बहिणीला, जनकाबाईला, फोन लावला. "वाढलं वं! औषध लागू पडलं!"

दुपारी अभ्यास करणाऱ्या डॉक्टर पूनमनं तिला पुन्हा यंत्रात झोपवलं. तीच ठकठक, तेवढाच वेळ. या वेळी आकडा आला दहा.

"जेवणाच्या सुट्टीत माहं डोकं बदललं का?" महामायानं विचारलं.

"नाही ताई. यंत्राला मायलिन थेट दिसत नाही. त्याच्या थरांत अडकलेल्या पाण्यावरून ते अंदाज बांधतं. डोकं जरा वेगळं टेकलं तरी आकडा हलतो. किती हलतो, तेच आम्ही तपासतोय."

"मंग गेल्या सालचा दहा?"

"तोही तसाच. वाढलं असेलही, नसेलही. एवढ्या फरकावरून सांगता येत नाही. सकाळी तुम्हाला आकडा सांगायलाच नको होता. चूक झाली."

देवानंदनं मान खाली घातली. महामाया त्याच्याकडे पाहत राहिली. वाईट वाटायला हवं होतं. पण आत काही हललंच नाही.

"पुन्हा याल?" पूनमनं चाचरत विचारलं.

"येईन. माप दोनदा घ्यावंच लागते."

घरी जनकाबाई ओवाळायला दारात उभी होती. महामायानं तिचा हात धरून खाली केला.

"वाढलं नाही, कमीबी झालं नाही. डॉक्टरायलेच अजून माहीत नाही."

"असं कसं वं?"

"असंच हाय."

दुसऱ्या दिवशी देवानंदनं चिखलीहून शिलाई मशीनला हातानं फिरवायचं हँडल आणलं. पाय बरे होतील, मग हँडल कशाला, असं ती वर्षभर म्हणत होती. आता तिनं खुर्ची थोडी सरकवून हँडल बसवायला जागा करून दिली. पहिली शिवण वाकडी गेली. तिनं ती उसवली, आणि पुन्हा घातली.