फोकस लागेपर्यंत

फोटो स्टुडिओत दोन गोष्टी आपोआप साठतात. लोकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो आणि किस्से! फोटो निदान ड्रॉवरमध्ये गप्प पडून राहतात, किस्से मात्र चहा आला की बाहेर निघतात. डिंडोलीतल्या आमच्या स्टुडिओत तर जुन्या कॅमेऱ्याच्या फोकसवरच एक पोथी होईल. स्टुडिओ नानांचा, त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत. खान्देशातून सुरतेला आले ते मिलमध्ये काम करायला, आणि रमले लग्नांच्या फोटोंत. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, त्याला वीस वर्षं झाली, अजून तिथेच आहे.

*

जुन्या कॅमेऱ्याला फोकसचे नऊ ठिपके होते, पण नानांचा भरवसा फक्त मधल्यावर. बटण अर्धं दाबायचं, लेन्स कर्र-कर्र करत पुढेमागे जाणार, 'बीप' वाजलं की मग पूर्ण दाबायचं. लग्नात पंचाईत अंतरपाटाची. कोरं पांढरं कापड! त्यावर फोकसला धरायला काही सापडायचंच नाही. अंतरपाट खाली आला की लेन्स शोधाशोध करणार, तोवर हार घालून मोकळे!

मग नानांनी युक्ती काढली. बाजूला जाऊन नवरीच्या नथीवर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि तसंच सरकत जागेवर यायचं. गुरुजींनाही त्यांनी पटवलं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, सगळे अक्षता घेऊन तयार, आणि गुरुजी मान वळवून विचारतात, "नाना, फोकस?"

"झाला!"

मगच अंतरपाट खाली. वऱ्हाडातल्या एका आजींना वाटलं, हाही विधीच आहे. पुढे नातीच्या लग्नात दुसरा फोटोग्राफर होता, तर त्याच्यावर ओरडल्या, "अरे, तू 'झाला' म्हन ना! त्याबिगर कसं लगीन लागेल?"

*

साड्यांच्या कॅटलॉगचं कामही आम्ही करायचो. एकदा मार्केटातले शेठ पांढरी प्लेन साडी घेऊन आले. पुन्हा तेच, लेन्सचं कर्र-कर्र थांबेना. साडीचा काठ धरून नानांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, उभ्या होत्या. त्यांनी कपाळाची लाल टिकली काढली आणि साडीवर चिकटवली. "घ्या, इले धरा!"

लगेच बीप. फोटो फर्स्ट क्लास. फक्त ती टिकली कॉम्प्युटरवर पुसायची राहून गेली, आणि कॅटलॉग तसाच छापला गेला. शेठ तणतणत आले, "नानाभाई, आ लाल टपकुं शुं छे?" नाना हात जोडून उभे. आठ दिवसांनी शेठ पुन्हा आले, हातात पेढे! गिऱ्हाईक तीच टपक्यावाली साडी मागत होतं.

काकू म्हणाल्या, "पाहा, मनी टिकली चालनी!"

*

या काकूंचा फोटो मात्र कधी धड आला नाही. नानांनी कॅमेरा वर केला की त्या म्हणायच्या, "थांबा, पदर घेऊ द्या." तिकडे लेन्सचं कर्र-कर्र, इकडे यांचा हात पदराकडे. पदर नीट होईपर्यंत दारात गिऱ्हाईक यायचं, नाहीतर गॅसवरचं दूध वर यायचं. फोटो राहायचा.

एकच निघाला, गच्चीवरचा. त्यात काकूंचा हात डोक्याकडे गेलाय, तोंड अर्धवट उघडंय, आणि सगळं धूसर. मागच्या दोरीवरचे चिमटे मात्र मोजता येतील इतके स्पष्ट! काकू गेल्या तेव्हा तोच मोठा करून लावावा लागला. अर्ध्या डिंडोलीच्या लग्नांचे फोटो ज्याने काढले, त्याच्या घरात बायकोचा नीट चेहरा नाही. त्यांच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण मलाही रोज दुपारी येते, पण नानांसमोर मी ती काढत नाही.

*

नवा कॅमेरा घ्या म्हणून मी इतकी वर्षं मागे लागलो होतो. नानांचं उत्तर ठरलेलं, "याले काय व्हयनं?" काकूंचं वर्षश्राद्ध झालं आणि स्वतःच म्हणाले, "चल राजू, नवा पाहू."

दुकानातला सेल्समन जोरात होता. "अंकल, इसका ऑटोफोकस! दौडता घोडा पकडेगा!"

नाना म्हणाले, "घोडा नको. घरातलं माणूस पकडेल का?"

सेल्समन हसला. मला काही हसता आलं नाही.

*

नव्या कॅमेऱ्याचा फोकस खरंच वेगवान. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढला, तर दिसलेल्या चेहऱ्याभोवती तो स्वतःच चौकोन काढतो. चौकोन हिरवा झाला की फोकस लागला. पहिल्याच रिसेप्शनला आम्ही निर्धास्त. घरी येऊन बघतो तर निम्म्या फोटोंत नवरा-नवरी धूसर! मागे शुभेच्छांचा फ्लेक्स होता, आणि त्यावरचे हात जोडलेले पुढारी मिशीच्या केसासकट स्पष्ट.

मी डोक्याला हात लावला. नाना म्हणाले, "यांना पुढे यायची सवयच असते. कॅमेरा तरी काय करेल?" आणि मग बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत बसले. छापलेला चेहरा, पण कॅमेऱ्याने माणूस समजून धरला होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोसाडला अल्बम देऊन परत आलो. स्टुडिओचं दार नुसतं लोटलेलं. आत नानांनी काकूंचा फोटो भिंतीवरून उतरवून खुर्चीवर ठेवला होता, हार बाजूला काढून. समोर ट्रायपॉडवर नवा कॅमेरा, आणि नाना स्क्रीनवर वाकलेले.

चौकोन आला, गेला. पुन्हा आला, दोरीवरच्या चिमट्यांवर सरकला. मी दारातच थांबलो. मग तो हळूहळू काकूंच्या त्या धूसर चेहऱ्यावर येऊन थांबला आणि हिरवा झाला.

बीप!

नानांचं बोट बटणावर, अर्धं दाबलेलं. पुढे काही दाबेनात.

"नाना, फोकस लागलाय! दाबा ना!"

त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"थांब रे राजू," ते म्हणाले. "तिले पदर घेऊ दे."