उतरत्या रेघेवरच्या सहा पायऱ्या

नांदुऱ्याच्या हैदरसारखा काचेची तार जोडणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता, असं हैदर स्वतःच सांगत असे. पंचाईत अशी, की ते खरं होतं.

नांदुऱ्याहून खामगावमार्गे मेहकरला जाणारी इंटरनेटची केबल जमिनीखालून जाते. कुणाच्या जेसीबीनं ती तोडली, की कंपनी हैदरला फोन करी. केसाएवढी तार सोलायची, स्पिरिटनं पुसायची, टोक सरळ कापायचं आणि मशीनच्या ठिणगीत दोन टोकं वितळवून एक करायची. मग जोड डबीत बंद करायचा आणि तारेतून जाणारा उजेड त्यात किती गळला, तो मशीनवरचा आकडा वहीत लिहायचा. हैदरचा आकडा ठरलेला, शून्य पूर्णांक शून्य दोन. म्हणजे गळती जवळजवळ नाहीच. साहेबांनी त्याबद्दल एकदा पाठ थोपटली, की स्वारी आठवडाभर हवेत असे. या माणसाला भाकर नाही वाढली तरी चालतं, शाबासकी वाढावी लागते, असं त्याची बायको अमीना म्हणायची.

मग दोन हजार सतराचं साल आलं. बीटीचं बियाणं लावा, बोंडअळी जवळ फिरकणार नाही, असं सांगणारे सांगून मोकळे झाले होते. गुलाबी अळी खुशाल बोंडात शिरली आणि आत बसून सरकी खात राहिली. माणसं घायकुतीला आली. दुकानदार देईल ते औषध, दोन-दोन तीन-तीन एकत्र कालवून, फवारू लागली. हैदरची चार एकर कपाशी होती. त्यानं आठ दिवसांची रजा टाकली आणि पंप पाठीवर घेतला. झाडं डोक्याच्या वर गेलेली, त्यात वारा उलटा फिरला आणि फवारा सरळ तोंडावर आला. अकोल्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. नजर मात्र पुरती परत आली नाही. लांबचं झाड दिसे, माणूस ओळखू येई, पण जवळचं बारीक काम सगळं धुरकट.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. अमीनाला सांगावं लागलंच नाही. रोज सकाळी पेपर वाचून दाखवणारा नवरा एकाएकी पेपर नुसता घडी करून ठेवू लागला, त्यावरून ती काय ते समजली. साहेबांना खरं सांगा, म्हणून ती मागे लागली.

"डोये गेले म्हनलं तं काम गेलं," तो म्हणाला. "मंग मी कोन राह्यलो?"

तो कामावर जात राहिला. बोटांना सगळं पाठ होतं. पण टोकावर चिकटलेला धुळीचा कण बोटांना कळत नाही, आणि डबीत तार जरा जास्त वाकली तर तेही कळत नाही. मशीनच्या पडद्यावरचा आकडा त्याला दिसत नव्हता. तो आपला शून्य पूर्णांक शून्य दोन लिहून मोकळा होई. आपण खोटं लिहितोय असं त्याच्या मनातही आलं नाही. अठरा वर्षं हाच आकडा आला होता, आता वेगळा काऊन येईल? शिवाय इंटरनेट सुरू झालं की सगळे खूश. गळतीची चौकशी कोण करतो!

सहा वर्षं अशी गेली. मग मेहकरच्या ऑफिसात अनुपमा नावाची तरुण इंजिनिअर आली आणि तिच्याबरोबर नवं यंत्र आलं. ऑक्टोबरात तिनं हैदरला बोलावून घेतलं. पूर्वी गळती शोधायची तर मोजणीची पेटी घेऊन केबलच्या टोकाशी बसावं लागे, आणि ती पेटी हैदरच्याच हातात असे. आता तसं नाही, तिनं समजावलं. उजेड जिथं जोरात असतो, तिथं काच त्याचं रूप किंचित बिघडवते. मेहकरला पोचलेल्या सिग्नलवर त्या बिघाडाच्या खुणा असतात. संगणक त्यावरून उलटा हिशोब करतो आणि वाटेत कुठं उजेडाची ताकद किती होती, त्याची रेघ इथं बसल्या बसल्या पडद्यावर काढतो. खामगावच्या यंत्रानं ताकद वाढवल्यानंतर ती रेघ उतारासारखी सरळ खाली यायला हवी होती. तिच्यावर सहा पायऱ्या पडल्या होत्या, म्हणजे सहा ठिकाणी उजेड गळत होता.

त्या पायऱ्या कुणाच्या, ते हैदरला तेव्हाच कळलं.

अनुपमाला मात्र हैदरचा संशयही नव्हता. तिचा सगळा राग काळ्या मातीवर होता. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिनंच केबलचा पाइप दाबला असणार. अकरा किलोमीटर नवा चर खणायचा तिचा बेत होता. हैदरचाचांनी होकार दिला की पुढच्याच आठवड्यात जेसीबी लागणार होता.

हैदर चहा हातात धरून बसला. नुसतं हो म्हणायचं होतं. वहीही त्याच्याच बाजूनं होती. पण त्या अकरा किलोमीटरला रस्त्याच्या कडेपर्यंत लोकांनी कपाशी लावली होती. शालिग्राम बोबडेच्या शेतात तर बोंडं फुटून पांढरी झालेली. तीन फवारण्या करून, अळीच्या तोंडातून वाचवलेला कापूस तो. वेचणीच्या तोंडावर जेसीबी त्यावरून जाणार आणि का, तर हैदरला दिसत नाही हे हैदरला सांगवत नाही म्हणून. त्याला स्वतःची किळस आली.

"माती नाही, मॅडम," तो म्हणाला. "ते सहा जोड माये हायेत. सतरापासून मले बारीक दिसत नाही."

अनुपमानं वह्या मागवल्या. सहाही ठिकाणी सतरानंतरची तारीख, खाली हैदरची सही. ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

चर खणलाच नाही. खामगावहून दुसरा माणूस आला. रेघ नुसता अंदाज सांगत होती, अमुक किलोमीटरच्या आसपास. नेमकी जागा हैदरनं पायानं चालत दाखवली. तीन दिवसांत सहाही जोड नव्यानं झाले आणि कंपनीनं हैदरला घरी बसायला सांगितलं. त्यात कुणाला दोष देता येत नाही, हेच वाईट.

शेवटच्या दिवशी ओळखपत्र जमा करायला तो मेहकरला गेला. अनुपमानं त्याला आत बोलावलं आणि पडद्यासमोर उभं केलं. रेघ आता सरळ उतरत होती.

"मॅडम, एक इचारू?" हैदर म्हणाला. "सतराच्या पहिले म्या या लाइनीत दोनशेच्या वर जोड मारले. ते दिसतात का याच्यात?"

अनुपमानं रेघेवरून बोट फिरवलं.

"नाही, चाचा. चांगला जोड याच्यावर उमटतच नाही."

हैदरनं मान हलवली. मग तो बराच वेळ पडद्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याला त्यातलं काही दिसत नाही हे ठाऊक असूनही तिनं पडदा बंद केला नाही.