केरसुणीतली काच

आज केरसुणी झटकताना काड्यांत अडकलेला हरभऱ्याएवढा काचेचा तुकडा हाती लागला. उन्हात धरला तर लकाकला.

मी इथे अमेरिकेत मुलाकडे राहते. गेल्या आठवड्यात, कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना पकडणाऱ्या अधिकाऱ्यांनी आमच्या दारासमोर राउलची गाडी अडवली. तो शेजारच्यांचं गवत कापायला येतो. त्यानं दोन्ही हात वर केले होते, तरी त्यांनी दंडुक्यानं काच फोडली आणि त्याला खिडकीतून ओढून काढलं. गाडीही घेऊन गेले. मग मी काय करावं? रस्ता झाडून काढला. काच कुणाच्या पायात जाऊ नये, हे आईनं लावलेलं वळण. काचा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या.

दोन दिवसांनी राउलची बायको वकीलबाईंना घेऊन आली. अधिकारी म्हणे सांगताहेत, काच खालीच होती, तो आपणहून उतरला.

"आई, काचा कुठं टाकल्यास गं?" मुलानं विचारलं.

पाहिलं ते सगळं मी सांगितलं. बाईंनी लिहूनही घेतलं. पण त्यांना फोटो काढायचे होते.

नवऱ्यानं रागानं भिरकावलेल्या कपबशा मी अशाच उचलायची, सासूबाई उठायच्या आत. फोडणाऱ्याला जाब विचारायचा तर पसारा तसाच पडू द्यावा लागतो, हे मला उशिरा कळलं.

तुकडा मुठीत धरून मी दारात गेले. समोरचा रस्ता इतका लख्ख होता, की इथे काही घडलं असेल असं मलासुद्धा वाटेना.